श्रीवर्धनच्या वाडीतला चिमुकला सुतार: कोणता, कुठे शोधायचा आणि माडाला धोका आहे का?

प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही राहता कोथरूडला, पण श्रीवर्धनजवळ तुमची वडिलोपार्जित वाडी आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिथल्या शेवग्यावर चिमणीहून लहान, काळपट-पांढरा सुतार दिसला. दुसऱ्या दिवशी वाडीमागच्या टेकाडावर, ऐनाच्या शेंड्याला, डोक्यावर तुरा असलेला आणखी एक काळा-पांढरा दिसला. नेटवर शोधलंत तर 'खारफुटीत राहणारा छोटा सुतार' असं काहीतरी हाती लागलं, आणि तुमच्या वाडीच्या पलीकडे खाडी आहेच. वाडी सांभाळणारे काका म्हणतात, हे पक्षी माड पोखरतात, पावसाआधी वाळकं सगळं काढून टाकू. लेकीला जाणून घ्यायचंय की एवढं ठोकून यांचं डोकं दुखत नाही का, आणि घरटं म्हणून खोकं लावलं तर चालेल का.

झटपट उत्तर हवं असेल तर हे घ्या. शेवग्यावरचा पक्षी म्हणजे ब्राउन-कॅप्ड पिग्मी वुडपेकर, तुमच्या घरामागच्या वेताळ टेकडीवर दिसतो तोच. आपल्या खारफुटीवर त्याचं काही अडलेलं नाही. माडाला तो काहीही करत नाही. काकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यात या पक्ष्याचं घर जाईल. आता सविस्तर.

तुम्ही पाठवलेला शेवग्यावरच्या पक्ष्याचा फोटो धूसर असला तरी ओळखायला पुरेसा आहे. तपकिरी-काळ्या पाठीवर पांढरे आडवे ठिपके, डोळ्यावरून मानेकडे गेलेली ठळक पांढरी भुवई, तिच्याखाली कानापाशी तपकिरी पट्टा, डोकं तपकिरी आणि कुठेही लाल रंगाचा मागमूस नाही. पुण्यातले पक्षीनिरीक्षक याला नुसतं 'पिग्मी' म्हणतात, मीही तेच म्हणतो. शास्त्रीय नाव युंगिपिकस नानस. लांबी चोचीपासून शेपटीपर्यंत १३ सेंटिमीटर, वजन साधारण १३ ते १७ ग्रॅम. नराच्या डोक्याच्या मागे दोन्ही बाजूंना लाल रेघ असते, पण ती इतकी बारीक की वाऱ्याने पिसं विस्कटली तर दिसते, एरवी नाही. मुरलेले लोकही पिग्मीचा नर-मादी सांगताना चाचपडतात, तेव्हा तुम्हाला लाल दिसला नाही म्हणून ती मादीच, असं धरू नका. चांगल्या दुर्बिणीतून फिकट डोळा आणि त्याभोवतीचं गुलाबीसर कडं मात्र दिसतं.

त्याच्याशी गल्लत होते ती शिलींध्रीची (नटहॅच), कारण तीही तेवढीच आणि तीही खोडाफांद्यांवर फिरते. फरक सोपा आहे. शिलींध्री डोकं खाली करून सरसर उतरते. सुतार तसं कधीच करत नाही. त्याला खाली यायचं असेल तर तो शेपटीकडून मागे मागे सरकतो. शेपटीची पिसं कडक असतात, ती झाडाला टेकवून तो तोल सांभाळतो, म्हणून डोकं वर ठेवणं त्याला भाग आहे.

आवाज ओळखायला शिका, त्याने अर्धं काम होतं. पिग्मीची हाक म्हणजे बारीक, भरभर 'क्लिक-र्र्र्र' अशी थरथर. उंच पट्टीतली असते, त्यामुळे वय वाढलेल्या कानांना ती निसटते. आमच्यातल्या काही ज्येष्ठांना ती ऐकूच येत नाही, ते सोबतच्या पोरांना विचारतात. ठोकण्याचा आवाजही अगदी हलका. सोनपाठी सुतार ठोकायला लागला की वाडीभर कळतं, पिग्मी तुमच्या डोक्यावर पाच-सहा मीटरवर काम करत असला तरी लक्षात येत नाही.

आता खारफुटीची भानगड. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, पण ते दुसऱ्या पक्ष्याचं आहे. आग्नेय आशियात याचा सख्खा भाऊ शोभेल असा सुंडा पिग्मी वुडपेकर राहतो, युंगिपिकस मोलुक्सेन्सिस. मलेशिया, सुमात्रा, जावा, बोर्निओ आणि सिंगापूर हा त्याचा मुलूख. हा खरोखर किनाऱ्याचा पक्षी आहे. खारफुटी, किनाऱ्यालगतचं विरळ जंगल, त्यातून पुढे बागा आणि रस्त्याकडेची झाडं. सिंगापूरला कोणी नातेवाईक असतील तर त्यांना सांगा, इमारतीखालच्या झाडांवरसुद्धा तो सापडेल. एके काळी भारतातला पिग्मी आणि हा सुंडा पिग्मी एकाच जातीत धरत असत. त्यामुळे जुन्या माहितीवरून उतरवलेल्या मजकुरात दोघांची सरमिसळ झालेली दिसते. आता त्या दोन स्वतंत्र जाती मानल्या जातात. आपला पिग्मी भारत, नेपाळ आणि श्रीलंकेतला, आणि तो मुळात विरळ पानझडी जंगल, बांबू, झुडपी रान, शेताच्या बांधावरची झाडं आणि बागा यांत रमणारा.

म्हणजे आपल्या खाडीत तो कधीच दिसणार नाही का? दिसू शकतो, पण कडेला. त्याचं कारण खारफुटीपेक्षा झाडाच्या घडणीत आहे. कोकणातल्या बहुतेक खाड्यांत तिवराचं, म्हणजे खारफुटीतल्या एका झाडाचं, राज्य आहे, आणि आपल्याकडे तिवर बऱ्याच ठिकाणी झुडपाएवढाच राहतो. वरून सरपणासाठी तो पिढ्यानपिढ्या तोडला गेलेला. पिग्मीला हवी असते जिवंत झाडावर टिकून राहिलेली, आतून मऊ पडलेली वाळकी फांदी. बुटक्या, दाट तिवरात ती फार थोडी मिळते. खारफुटीतलंच दुसरं झाड म्हणजे चिपी, ती उंच होते, जुन्या चिपीवर वाळक्या फांद्याही राहतात, त्यामुळे शोधायचंच असेल तर तिवराच्या गचपणात डोकं घालण्यापेक्षा काठावरच्या चिपीकडे बघा. चिपीला, म्हणजे पांढऱ्या चिपीला, २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला आहे. खाडीकाठी जिथे खारफुटी संपते आणि भेंड, उंडी, करंज सुरू होतात, त्या सांध्यावर मिश्र थवे फिरतात आणि त्यांत पिग्मी असू शकतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. सुताराला खारफुटीची फारशी गरज नाही म्हणून खारफुटी बिनकामाची, असा अर्थ कोणी काढू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडायला मनाई केली, २०१८ च्या निकालात ती कायम झाली, आणि खारफुटीभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामाला बंदी आहे. तुमच्या वाडीची हद्द खाडीला लागत असेल तर कुंपण घालण्याआधी हे तपासून घ्या.

मग किनाऱ्यावर हा राहतो कुठे? तुमच्या वाडीचंच उदाहरण घेऊ, कारण श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्याची मांडणी साधारण सारखी आहे. समुद्राकडून सुरुवात केली तर आधी पुळण, मग सुरूची रांग आणि केवड्याची बेटं. सुरूत पिग्मी क्वचित थांबतो. त्यामागे वाड्या, म्हणजे माड, सुपारी, सुपारीवर चढवलेली मिरी, मधूनमधून जायफळ, रातांबा, फणस, कुंपणाला शेवगा, पांगारा, भेंड. सुपारीचं खोड सरळसोट, गुळगुळीत आणि फांदी नसलेलं, त्यामुळे सुताराच्या दृष्टीने वाडीतली बहुतेक उभी झाडं म्हणजे नुसते खांब. त्याचं सगळं लक्ष कुंपणावर आणि या खांबांमध्ये उरलेल्या चार-दोन फांदीवाल्या झाडांवर. वाडीच्या मागे जांभ्याचा चढ, काजू-आंब्याच्या बागा, आणि ऐन-किंजळीचं रान. गावाची देवराई शाबूत असेल तर तीही याच भागात.

पिग्मी सर्वांत जास्त दिसतो तो या शेवटच्या पट्ट्यात आणि वाडीच्या कुंपणावर. तुम्हाला तो शेवग्यावर दिसला यात नवल नाही. शेवग्याचं लाकूड मऊ, फांद्या ठिसूळ, वाऱ्याने मोडतात आणि मोडलेला खुंट झाडावरच वाळतो. पांगाऱ्याचंही तसंच. ऐन-किंजळीचं कारण वेगळं आहे. कोकणात भाताच्या रोपांची जागा (तरवा) भाजायला, म्हणजे राबासाठी, या झाडांची कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडतात. दरवर्षी तोडल्याने झाडाला जागोजागी खुंट राहतात, काही खुंट कुजतात, आणि माझ्या पाहण्यात पिग्मीची भोकं अशा खुंटांवर बऱ्याचदा आलेली आहेत. जंगलवाल्यांना कवळतोड आवडत नाही, आणि अति झाली तर झाड मरतंच. पण या एका पक्ष्याला तिचा थोडा फायदा मिळतो, हे नोंदवायला हरकत नाही.

आता जवळून बघू, कारण इथेच सगळं आहे. पुढच्या वेळी पिग्मी दिसला की तो कोणत्या झाडावर आहे यापेक्षा किती जाड फांदीवर आहे ते बघा. सोनपाठी सुतार जवळजवळ २८ सेंटिमीटरचा, तो खोडावर आणि मांडीएवढ्या फांद्यांवर काम करतो. पिग्मी मनगटाएवढ्या फांदीपासून सुरू करतो आणि पार करंगळीएवढ्या काटकीपर्यंत जातो. तिथे त्याच्याशी स्पर्धा करायला कोणी येऊच शकत नाही, दुसऱ्या सुताराचं वजन त्या काटकीला पेलवणार नाही. फांदीच्या खालच्या अंगाला उलटा लटकून तो तीन-चार टोचे मारतो, थांबतो, मान एका बाजूला कलती करतो, पुन्हा दोन टोचे, सालीचा पापुद्रा उडवतो, आणि आत बारीक पांढरी अळी किंवा मुंग्यांची अंडी सापडली की जीभ आत जाते. फांदीभोवती गोल फिरत तो टोकापर्यंत पोचतो, मग पुढच्या फांदीवर उडी. सगळं इतकं पटापट होतं की दुर्बीण लावेपर्यंत तो दुसऱ्या झाडावर गेलेला असतो. मुंग्या, लहान भुंगेरे, अळ्या हा मुख्य आहार, जोडीला कधी बारीक फळं आणि फुलांतला मधही.

थंडीत तो एकटा शोधू नका, थवा शोधा. चष्मेवाले, सुभग, निखार, शिंपी असे लहान पक्षी एकत्र फिरताना दिसले की त्यांच्या मागे शेंड्याकडे नजर ठेवा. पिग्मी अशा थव्यात हमखास असतो असं नाही, पण असण्याची शक्यता चांगली. सकाळी सात ते साडेनऊ. त्यानंतर कोकणात घामाने तुमचेच हाल होतात, पक्ष्याचं सोडा.

घरटं तो स्वतः कोरतो. विणीचा हंगाम मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल. वाळकी फांदी, आणि बहुतेक वेळा तिच्या खालच्या अंगाला भोक, म्हणजे वळवाची सर आली तरी पाणी आत जात नाही. भोक इतकं लहान की तुमची दोन बोटं जेमतेम जातील. आत पांढरी, बिनठिपक्यांची तीन-चार अंडी. कोरणं आणि उबवणं नर-मादी दोघं मिळून करतात. भोक जमिनीवरून शोधणं अवघड, पण फांदीखालच्या पानांवर ताजा फिकट भुसा पडलेला दिसला तर वर बघा. पुढच्या वर्षी तेच भोक शिलींध्रीला किंवा वल्गुलीला (टिट) मिळतं. या लहान पक्ष्यांना स्वतः भोक पाडता येत नाही, त्यामुळे एका पिग्मीच्या मेहनतीवर दोन-तीन बिऱ्हाडं चालतात.

आता माडाचा प्रश्न, आणि तो काकांना नीट समजावून सांगायला हवा, कारण त्यांची भीती उगाच नाही. माडाचे खरे शत्रू दोन. गेंड्या भुंगा वरून, कोवळ्या पोग्यात शिरतो. सोंड्या भुंग्याच्या अळ्या खोडाच्या आत राहून ते पोखरतात, आणि माड वरून हिरवा दिसत असतानाच एक दिवस शेंडा कलतो. खोडावर भोकं, त्यातून गळणारा तांबूस चीक, चघळल्यासारखा चोथा दिसला की तो सोंड्या. माणसाला मात्र भोक दिसतं आणि जवळपास बसलेला सुतार दिसतो, मग गुन्हेगार ठरायला वेळ लागत नाही. पिग्मी तर माडाच्या खोडाकडे फिरकतच नाही, फार तर वाळक्या झावळीच्या देठावर दोन टोचे मारेल. सोनपाठी सुतार माडात घर करतो हे खरं, पण तो निवडतो मेलेला किंवा शेंडा गेलेला माड, जिवंत, निरोगी माडाच्या खोडात त्याला रस नाही. नारळाला आणि कोकोच्या फळांना सोनपाठ्याने चोच मारल्याच्या नोंदी दक्षिणेकडे आहेत, तेव्हा तो अगदी साधुसंत आहे असंही मी म्हणणार नाही.

सुतार आंब्याचा भिरूड किंवा काजूचा रोठा आटोक्यात ठेवतो का? (भिरूड म्हणजे आंब्याचं खोड पोखरणारा किडा; रोठा म्हणजे सुपारीचा नव्हे, काजूच्या बुंध्यातला किडा.) मोठे सुतार अशा अळ्या खातात, पण लागण झाली की सुतार येऊन सोडवेल या भरवशावर बसू नका. भिरूड लागला तर तारेने अळी काढणं, औषध घालणं हे तुमचं तुम्हालाच करायचं आहे. पिग्मीची चोच तर इतकी लहान की त्या जाड अळ्या त्याच्या आवाक्याबाहेरच्या. 'शेतकऱ्याचा मित्र' वगैरे शब्द मी या पक्ष्यासाठी वापरत नाही. तो फायद्याचा नसला तरी त्याला राहू द्यावं, एवढंच माझं म्हणणं.

काका अर्धे बरोबर आहेत असं म्हणालो ते वाळक्या माडांबद्दल. तुमच्या भागात निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला धडकलं. ताशी १०० किलोमीटरच्या वर वारा होता, आणि माड, सुपारी, आंबा, फणस, सुरू असं सगळं आडवं झालं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. बऱ्याच वाड्यांत तेव्हाचे शेंडा उडालेले बोडके माड उभे राहिले. पक्षीनिरीक्षक म्हणून मला ते आवडतात, त्यात सोनपाठी घर करतो आणि मागाहून साळुंक्या, पोपट येतात. पण कुजणारा माड हे गेंड्या भुंग्याच्या अळ्यांचं माहेरघर. शेजारी जिवंत माड असताना पडलेली, कुजकी खोडं ठेवणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. तेव्हा बोडके आणि पडके माड काढा, त्यांची विल्हेवाट लावा, शेणखताच्या खड्ड्यावरही लक्ष ठेवा. यात पक्ष्यांचं नुकसान आहे हे मान्य करूनच मी हा सल्ला देतो, कारण वाडीवर पोट असणाऱ्याला दुसरा सल्ला देणं सोपं असतं, पण प्रामाणिक नसतं.

वाळकं सगळं काढायचं मात्र नाही. शेवगा, पांगारा, भेंड, उंडी, ऐन, किंजळ यांवरच्या वाळक्या फांद्या गेंड्या भुंग्याला उपयोगी नसतात, त्या राहू द्या. घरावर, वाटेवर, विजेच्या तारेवर येणारी फांदी अर्थातच काढा, कोणाच्या डोक्यात पडायला नको. बाकीच्यांत माझी पसंती मनगट ते दंडाएवढ्या जाडीच्या, जमिनीपासून तीन मीटरच्या वर असलेल्या आणि नखाने दाबल्यावर साल भुसभुशीत लागणाऱ्या फांद्यांना. अशा चार-सहा फांद्या कुंपणावर शिल्लक असल्या तरी एका जोडीचं भागतं. अख्खी फांदी ठेवणं जमत नसेल तर पुढचा फाटा उडवून हातभर खुंट ठेवा. आंब्याचं मात्र वेगळं. भिरूड किंवा फांदीमर असेल तर ती फांदी कापून वाडीबाहेर न्यावी लागते, तिथे पक्ष्याचा विचार करू नका.

छाटणी कधी करायची हेही महत्त्वाचं. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर, एप्रिल-मेमध्ये सगळी साफसफाई निघते, आणि तोच काळ पिल्लांचा किंवा नुकत्याच उडालेल्या पिल्लांचा असतो. दिवाळीनंतर, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हे काम उरका. त्यानंतर राहून गेलंच तर कोयता चालवण्याआधी फांदीच्या खालच्या बाजूला गोल, स्वच्छ कडांचं भोक आहे का बघा आणि दहा मिनिटं लांब बसून राहा. पिल्लं असतील तर पालक तेवढ्यात एकदा तरी येऊन जातील. वन्यजीव कायद्याने सुतार पक्ष्यांना संरक्षण आहे, त्यांची अंडी-घरटी नष्ट करणं हा गुन्हा आहे, हेही काकांच्या कानावर घाला.

आजकाल किनाऱ्यावर खरी अडचण वाडीवाल्यांची नाहीच. सुट्टीच्या पाहुण्यांसाठी वाडीचं आवार 'नीटनेटकं' केलं जातं, कुंपणाचा पांगारा-शेवगा जाऊन चिऱ्याचा गडगा येतो, त्यावर काटेरी तार, आत हिरवळ आणि बाहेरून आणलेले शोभेचे माड. झाडांची संख्या मोजली तर वाढलेलीच दिसेल. पण वाळकी फांदी एक उरत नाही, आणि पिग्मी निघून जातो. पुण्यातही तेच. सोसायटीच्या आवारात पावसाआधी झाडांचे नुसते बुंधे करून ठेवतात, आणि मग टेकडीवरच तेवढा पिग्मी उरतो.

तुऱ्याच्या पक्ष्याबद्दल. तो हार्ट-स्पॉटेड वुडपेकर, हेमिसर्कस कॅनेंट. हा पिग्मीपेक्षा थोडा मोठा, १६ सेंटिमीटरच्या आसपास, पण शेपटी आखूड आणि डोकं-तुरा मोठा असल्याने कोणीतरी मागून अर्धा कापल्यासारखा दिसतो. पंखांवरचे बदामाच्या आकाराचे काळे ठिपके ही त्याची खूण. मादीचं कपाळ पांढरट, नराचं काळं. पाठीवरच्या काही पिसांतून याला चिकट, सुगंधी द्रव्य सुटतं, त्याने पाठीवरचं पांढरं पिवळसर डागाळतं. हा दमट जंगलाचा पक्षी. कर्नाळा आणि फणसाड ही अभयारण्यं त्याच्यासाठी चांगली, आणि फणसाड तुम्हाला लांब नाही, दिघीहून आगरदांड्याची फेरी घेतली की मुरूडच्या बाजूला पोचता. तुमच्या टेकाडावर हा आला म्हणजे वरचं रान अजून बरं आहे. याची वीण पिग्मीच्या आधी, थंडीतच सुरू होते, म्हणून ऐनाची कवळ तोडताना वरचे वाळके शेंडे सोडायला सांगा.

पुण्याहून वाडीला जातानाच्या प्रवासात एक गंमत करता येईल. सकाळी वेताळ टेकडीवर पिग्मी बघा, आणि जमल्यास पिवळ्या कपाळाचा मराठा सुतारही. तो कोरड्या रानाचा, कोकणाच्या दमट पट्ट्यात त्याची अपेक्षा ठेवू नका. मग ताम्हिणीत थांबा. घाटमाथ्यावर पुण्याच्या कित्येक पट पाऊस पडतो, रान सदाहरितकडे झुकतं आणि तिथे हार्ट-स्पॉटेड सुरू होतो. माणगाव, म्हसळा करत श्रीवर्धनला उतरलात की पुन्हा पिग्मी. घाटाच्या दोन्ही अंगांना, इतक्या वेगळ्या हवेत हाच पक्षी टिकतो. झाडं बदलली तरी वाळकी काटकी सगळीकडे आहे.

वाडीमागच्या काजूवर किंवा आंब्यावर काळ्या मुंग्यांचा चेंडूसारखा घरटा दिसला तर तोही ठेवा. तांबूस सुतार त्या मुंग्या खातो आणि त्याच मुंग्यांच्या घरात भोक पाडून अंडी घालतो. तो पक्षी बघायला लोक लांबून येतात.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर: आपण सगळ्यांनी शाळेत वाचलं की सुताराच्या कवटीत धक्का शोषणारी गादी असते. बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन जातींच्या सुतारांचं अतिवेगवान चित्रण करून २०२२ मध्ये दाखवलं की तसं काही होत नाही. कवटी ताठच राहते, अगदी हातोड्यासारखी, आणि ती तशीच असायला हवी. धक्का डोक्यात मुरवायचा असेल तर लाकूड फुटणार कसं? मेंदू वाचतो तो लहान आहे म्हणून. लहान वस्तुमानाला तेवढ्या झटक्याने इजा होत नाही, माणसाच्या मेंदूला झाली असती. मग पिग्मीची तर काळजीच करायला नको, असं तिला सांगा.

फोटोसाठी मोबाइलवर त्याचा आवाज लावून बोलावू नका, विशेषतः फेब्रुवारीनंतर. पक्षी कामधाम सोडून घुसखोराला शोधत बसतो. चारशे मिलिमीटरची लेन्स असेल तर शेवग्यापासून दहा-बारा मीटरवर खुर्ची टाकून बसा, चहा घ्या, तो येतो.

आणि खोकं. लावा, पण पिग्मी त्यात येणार नाही. सुताराला स्वतः कोरलेलं भोक लागतं, तयार घर त्याला चालत नाही. खोक्यात बहुधा दयाळ येईल किंवा वल्गुली, आणि दयाळ आला तर पहाटे पाचला तुमची झोप मोडेल, तेव्हा ते निजायच्या खोलीच्या खिडकीपासून लांब टांगा.